अर्धा फौजी पडवळ

आमच्या वर्कशॉपच्या रिसेप्शनमध्ये विठ्ठल पडवळचा वर्दीतला फोटो लावलाय. लावला तो लावला, वर एचआरच्या मॅडमनी त्याला चंदनाचा हारही घातला. त्यामुळे पोकलेन दुरुस्तीला घेऊन येणारं प्रत्येक नवं गिऱ्हाईक आधी फोटोसमोर उभं राहतं, चेहरा पाडतं आणि मला हळूच विचारतं, "कधी झालं हो?" मग मला सांगावं लागतं की काही झालेलं नाही. माणूस जिवंत आहे, ठणठणीत आहे, सीमेवरच्या कुठल्यातरी डोंगरात डोझर दुरुस्त करतोय आणि बहुतेक या घडीला कुणाचं तरी डोकं खातोय. हार काढा म्हणून मी मॅडमना सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "राहू द्या हो कांबळे, शोभा येते."

माणूस गेल्यावर त्याचं वाईट काढू नये, अशी आपल्याकडे रीत आहे. पडवळ गेलेला नाही, तेव्हा मी मोकळा आहे. चाकणच्या या वर्कशॉपात मी त्याच्याबरोबर कितीतरी वर्षं काढली आणि त्यातलं एकही मला सुखाचं गेलं नाही. आज मी इन्चार्जच्या ज्या केबिनमध्ये बसतो, ती आधी त्याला मिळाली होती. ती त्याने कशी सोडली हे आता सगळे कौतुकाने सांगतात. जे सांगतात त्यातल्या कुणालाही तो असताना सहन होत नव्हता.

पडवळ आमच्यासारखाच अवजड मशिनांचा मेकॅनिक. उंच, वाळलेला, मिशी ओठावर चिकटवल्यासारखी. बॉयलर सूटला कडक इस्त्री. ज्या जागी माणूस संध्याकाळी आरशात स्वतःला ओळखत नाही, त्या जागी हा इस्त्रीची घडी मोडू न देता चालायचा. कारण असं की तो आमच्यातला एकटाच टीएमध्ये होता. टीए म्हणजे टेरिटोरियल आर्मी. आपली नोकरी सांभाळायची, वर्षातला ठरलेला काळ वर्दी घालून जायचं, आणि एरवी कधीही बोलावणं आलं की हातातलं टाकून निघायचं. त्याची तुकडी इंजिनिअर लोकांची. डोंगरातले रस्ते मोकळे करायची मशिनं तिथे असतात आणि ती बिघडली की पडवळ. त्या काळात त्याच्या वाटणीची इकडची मशिनं आम्ही करायची. वर तो परत आला की आम्ही काय काय बिघडवून ठेवलं ते ऐकून घ्यायचं.

त्याचं ठरलेलं वाक्य होतं, "तिकडं असलं चालत न्हाई." बॉनेटवर चहाचा ग्लास ठेवला, तिकडं चालत न्हाई. काम करताना कुणी शीळ घातली, तिकडं चालत न्हाई. एकदा कॅन्टीनवाल्याने पोह्यात शेंगदाणे जास्त घातले तरी हा तिकडचं काढून बसला. शिफ्ट सुटायच्या आधी तो ताडपत्री अंथरायचा आणि सगळ्यांनी आपापले पाने, हातोड्या, जॅक तिच्यावर ओळीने मांडायचे. सगळं मोजून होईपर्यंत गेटकडे कुणी बघायचं नाही. असा अधिकार त्याला कुणी दिला होता, हे शेवटपर्यंत कळलं नाही. एके दिवशी चौदाचा पाना सापडेना. बाहेर कंपनीच्या बसचा हॉर्न वाजतोय आणि हा वाटेत हात आडवा करून उभा. बस गेली. मग पाना सापडला, त्याच्याच मागच्या खिशात.

"सापडला ना? मंग झालं तर," तो म्हणाला आणि ताडपत्रीची घडी घालायला लागला. आम्ही शेअर रिक्षाने धक्के खात घरी गेलो. "चुकलो" हा शब्द मी त्याच्या तोंडून कधी ऐकलेला नाही.

आता खुर्चीचं. आमचं वर्कशॉप उभं आहे ती जमीन पडवळांची होती. कारखाने आले तेव्हा ती संपादनात गेली. त्याच्या लहानपणी इथे कांदा निघायचा, बाजरी निघायची. इन्चार्जची केबिन आहे तिथे विहीर होती, ती बुजवून वर कोबा केला. दर नव्या माणसाला तो हे सांगायचा. "हितं आमची हीर व्हती. उन्हाळ्यात बी आटायची न्हाई." इथपर्यंत ठीक होतं. पण भांडण जुंपलं की त्याचं दुसरं वाक्य बाहेर यायचं, "आमच्या रानात पोट भरताय आनि आमालाच शिकवताय व्हय?"

हे वाक्य माझ्या अंगाला चटका लावायचं. माझे वडील पिंपरीच्या एका कारखान्यात पडेल ते काम करत परमनंट झाले आणि काळेवाडीत दोन खोल्या बांधू शकले. आमच्या घराण्यात गमवायलासुद्धा कधी रान नव्हतं. एकदा मी भडकून म्हणालो, "तुमच्या रानात तुम्हीपण पगारावरच आहात, पडवळ." तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. मला तो आठवडा बरा गेला.

त्याला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. आमचे जुने इन्चार्ज मुलाणी मामा निवृत्त झाले की त्या केबिनमध्ये बसायचं. मामांना त्याने तसं स्पष्ट बोलून दाखवलं होतं, "मामा, आमच्या बापाला हिरीवरनं उठीवलं. मी एक डाव तितंच बसनार." खुर्ची मलाही हवी होती. माझं कारण त्याच्याइतकं खोल नव्हतं. उरलेली नोकरी मशिनखाली उताणं पडून, डोळ्यात तेल झेलत काढायची नव्हती, एवढंच. पण माझ्या कारणाला कारणच न म्हणणारा एकच माणूस वर्कशॉपात होता आणि तो पडवळ होता.

एका वर्षी तो कॅम्पवरून नवीनच खूळ घेऊन आला. संध्याकाळी काम थांबलं की उभ्या असलेल्या प्रत्येक मशिनच्या बॅटरीची वायर काढायची. तिकडे थंडीत बॅटरी बसते म्हणून तसं करत असतील. इकडे मे महिना, पत्रा तापून नुसती भट्टी झालेली. शिवाय हल्लीची मशिनं आपण कुठे उभे आहोत हे मालकाच्या मोबाइलवर कळवत असतात. त्यात मोशीच्या एका ठेकेदाराचं नवंकोरं पोकलेन सर्व्हिसिंगला आलेलं. पडवळने त्याची वायर काढली. दुसरी वायरही काढली. काही वेळाने तिकडे मोशीत ठेकेदाराच्या मोबाइलवरून मशिन गायब.

ठेकेदार आला तो दोन गाड्या भरून पुतणे घेऊनच आला. मशिन समोरच उभं होतं, त्यामुळे चोरीचा प्रश्न तिथल्या तिथे मिटला. पण एवढी माणसं जमवल्यावर नुसतं परत कसं जायचं!

"वायर कुनी काढली?" ठेकेदार ओरडला.

"मी," पडवळ म्हणाला. "तिकडं तसंच करत्यात."

"तिकडं म्हंजी कुठं?"

"बॉर्डरला."

"अरं, मंग ही काय बॉर्डर हाय का? चाकन हाय ह्ये!"

एका पुतण्याने त्याची गचांडी धरली. इस्त्रीची कॉलर टरकन फाटली. पडवळ हात खाली सोडून ताठ उभा राहिला. मागे सरला नाही, माफी मागितली नाही, की मदतीसाठी आमच्याकडे बघितलंही नाही. आम्ही कुणी मधे पडलो नाही. मुलाणी मामा धावत आले आणि त्यांनी सोडवासोडवी केली. आता तरी हा शिकेल असं वाटलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघतो तर फाटकी कॉलर शिवून आलेला पडवळ परत वायरी काढत फिरतोय.

पुढे एकदा त्याच्या तुकडीतला साताऱ्याकडचा एक जवान त्याला भेटायला वर्कशॉपात आला. गडी दिलखुलास. चहा पिता पिता आम्ही विचारलं, पडवळ तिकडे कसा असतो? तो हसायलाच लागला. "ह्यो व्हय? ह्येला आमी कंपनीवाला म्हंतो. कायम आपलं, आमच्या चाकनला असलं चालत न्हाई. सायबांस्नी बी सांगतो, हातमोजं द्या, हेल्मेट द्या. आवो, एकदा तर म्हनला, आमच्यात चारला चहाची सुट्टी असती!"

आम्ही इतके हसलो की कॅन्टीनचा माणूस बाहेर येऊन बघायला लागला. त्या हसण्यात थट्टा थोडी होती, बाकी सगळा वचपा होता. पडवळने अर्धा ग्लास खाली ठेवला आणि तो कामाला निघून गेला. तेव्हापासून आम्ही त्याला तोंडावरच अर्धा फौजी म्हणायला लागलो. एखादा हळवा माणूस म्हणेल, बिचारा, दोन्हीकडे परकाच. मी म्हणतो, दोन्हीकडची माणसं वैतागत असतील तर माणसाने एकदा स्वतःकडे बघावं.

पण माझं आणि त्याचं कायमचं फाटलं ते मारुंजीला. तिथे एका इमारतीच्या पायाचं काम चालू होतं आणि पोकलेन खड्ड्यातच बंद पडलं. आम्हा दोघांना पाठवलं. शेजारच्या सोसायट्यांतून आयटीवाली मंडळी गॅलरीत येऊन आवाजाबद्दल आरडाओरडा करत होती, खाली सुपरवायझर आमच्या नावाने शंख करत होता. पडवळने मशिनकडे नीट बघितलंही नाही. तिकडे डिझेल बॅरलमधून येतं आणि त्यात हमखास पाणी असतं, म्हणून बिघाड म्हटला की याचा हात आधी डिझेलच्या टाकीला. त्याने सगळी टाकी उपसायला काढली. मी सीटमागे डोकावलो, तर एक नळी दगडाखाली सापडल्यासारखी चेपलेली. मी त्याला हाक मारून दाखवली.

"तू गप रं," तो म्हणाला. "आदी डिझेल."

डिझेल उपसलं, फडक्यातून गाळलं, परत भरलं. दिवस गेला. मशिन हललं नाही. शेवटी मी नळी बदलली आणि ते पहिल्या झटक्यात सुरू झालं. पडवळ हत्यारं आवरायला लागला. बोलला तो दुसऱ्या दिवशी, मॅनेजर साहेबांच्या केबिनमध्ये. "कांबळेला ठावं व्हतं साहेब. सांगितलं न्हाई त्यानं." माझ्या तोंडावर, डोळ्याची पापणी न हलवता. मी आकांडतांडव केलं, पण साहेबांना वाटलं, मी रागाने बोलतोय आणि पडवळ शांतपणे, म्हणजे खरं तोच सांगत असणार. त्या दिवसापासून मी त्याला नमस्कार करणं सोडलं.

मुलाणी मामांची निवृत्ती जवळ आली आणि केबिन पडवळला जाहीर झाली. साहेबांना शिस्तीचा माणूस हवा होता म्हणे. जाहीर झालं त्या दिवशी पडवळ केबिनमध्ये गेला आणि खुर्चीत बसला नाही. बुटाच्या टाचेने फरशीवर एका जागी हळू ठोकलं, मग थोडं सरकून दुसऱ्या जागी. मामा दारात उभे होते. "हितंच," तो त्यांना म्हणाला. त्याचा चेहरा मी काचेतून बघत होतो. इतका राग असूनही सांगतो, तसा चेहरा मी त्याचा पूर्वी कधी पाहिला नव्हता.

आणि मामा जायच्या आतच सीमेवर तणाव वाढला. टीएवाल्यांना बोलावणं आलं. कधी परत येणार ते कुणालाच माहीत नव्हतं.

वर्कशॉपात कुणी उघड बोललं नाही, पण कॅन्टीनमध्ये एकाने गुलाबजाम वाटले. पोरीचा वाढदिवस आहे म्हणाला. सगळ्यांनी दोन-दोन खाल्ले.

साहेबांनी पडवळला बोलावून घेतलं. मी तिथेच होतो. "पडवळ, तुमच्या कमरेचं दुखणं खरं आहे," साहेब म्हणाले. "पट्टा बांधून फिरता, मला माहीत आहे. डॉक्टरांनी तसं लिहून दिलं तर तिकडचे लोकही समजून घेतील. यात खोटं काही नाही. तुम्ही गेलात तर तुमची नोकरी कायद्याने राहीलच. पण केबिन मला रिकामी ठेवता येणार नाही. दुसरा माणूस बसवावा लागेल." दुसरा म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं. कमरेचं खरंच होतं. वाकताना त्याला मशिनचा आधार घ्यावा लागायचा.

"इचार करून सांगतो," पडवळ म्हणाला. त्या दिवशी त्याने ताडपत्री अंथरली नाही, कुणाला तिकडचं काही ऐकवलं नाही. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "जातो." मग पाने मोजायच्या त्याच आवाजात तो एकेकापाशी जाऊन सांगत सुटला, "गुरुवारी सकाळच्या लोकलनं. चिंचवडवरनं." घरच्यांना त्याने स्टेशनवर यायला बंदी केली होती, रडारड नको म्हणून. हेही त्याने सगळ्यांना सांगितलं. लोक हो हो म्हणाले.

बुधवारी साहेबांनी मला बोलावलं. "कांबळे, तू काळेवाडीत राहतोस. तुला चिंचवड स्टेशन जवळ आहे. उद्या जा आणि त्याला शेवटचं सांगून बघ. म्हणावं, अजून परत फिरा, केबिन तुमचीच आहे." माझ्याच तोंडचा घास माझ्याच हाताने दुसऱ्याला भरवायला निघालो होतो. मनात पूर्ण रस्ताभर एकच होतं, हा नाही म्हणू दे.

तो प्लॅटफॉर्मवर एकटाच उभा होता. वर्दीत, पायाशी काळी ट्रंक. एक कॉलेजची मुलगी त्याच्यासाठी बाक सोडून उठली होती, तरी हा उभाच. मी साहेबांचा निरोप जसाच्या तसा सांगितला. एक शब्द कमी केला नाही.

"तुला पाठवलं?" तो म्हणाला. "मी फिरलो तर तुझंच नुकसान की रं."

"सांगायला सांगितलं ते सांगितलं."

तो रुळांकडे वळला. "बसावं वाटतंय," तो म्हणाला. "लई वाटतंय. रोज वाटतंय. पर आमची जिमीन गेली ना, तवा मोजायला आलेल्या मान्सांतल्या एकाला बी माझ्या बापाचं नाव घेता आलं न्हाई. गट नंबरानं हाका मारीत व्हते त्याला. बाप व्हय म्हनत व्हता. ह्ये बोलावनं माझ्या नावानं आलंय, कांबळे."

"तिकडेही जवानाला नंबरच असतो ना?" मी म्हणालो. मला त्याला सुखासुखी सोडायचं नव्हतं.

त्याने माझ्याकडे असं बघितलं की वर्दी अंगावर नसती तर हात उचलला असता. "नंबर बी हाय, नाव बी हाय," तो म्हणाला. "जा, बस जाऊन खुर्चीत. पर एक ध्यानात ठेव. तुला ती मिळाली न्हाई. मी सोडली म्हनून हाय."

माझं डोकं भणभणलं. इतक्या वर्षांनी मला हवं ते मिळत होतं आणि या माणसाने जाता जाता तेही उष्टं करून ठेवलं. मारुंजीचं काढावं, चार शिव्या हासडाव्या, असं मनात आलं. तेवढ्यात लोकल आली. कमरेवर हात दाबत त्याने ट्रंक उचलली. मी हात लावायला गेलो तर कोपराने ढकललं. दारात चढून तो वळला आणि माझ्या खांद्यावरून जिन्याकडे बघत म्हणाला, "बाकीचे?"

मी मागे बघितलं. जिन्यावरून एक बाई पिशवी सांभाळत उतरत होती, बाकी कुणी नाही. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की तो प्रत्येकापाशी जाऊन गाडी का सांगत होता. इतकी वर्षं मी अशाच संधीची वाट बघत होतो. कुणीच येणार नाही, कुणालाच यायचं नव्हतं, तुम्ही जाणार म्हणून आम्ही गुलाबजाम खाल्ले, हे तोंडाशी आलं होतं. एवढं बोललो असतो की सगळा हिशेब फिटला असता.

"ओव्हरटाइम लागलाय," मी म्हणालो. "साहेबांनी सगळ्यांना थांबवलंय. नाहीतर येणार होते."

असं का म्हणालो, ते मला आजही कळत नाही. मला त्याचा रागच होता, अजूनही आहे. पण गुरुवार आमच्या पट्ट्यात सुट्टीचा वार. त्या दिवशी कारखान्यांची वीजसुद्धा बंद असते. हे मला माहीत होतं आणि त्याला माझ्या आधीपासून माहीत होतं, कारण ते त्याचंच गाव.

मला वाटलं, आता तो म्हणेल, तिकडं असलं चालत न्हाई.

"आज लाइट कुठनं असनार रं, कांबळे," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता.

गाडी हलली. आत जागा होती, पण तो दारातच उभा राहिला आणि दिसेनासा होईपर्यंत जिन्याकडे बघत होता.